चार नंबरचा उजवा हात

बसा, बसा. सगळ्याजणी बसा. माइक वाजतोय तो. त्याची बॅटरी संपत आलीय म्हणून टिंग टिंग करतोय, कुणाचा श्वास अडलेला नाही. पाहिलंत, अध्यक्ष महोदय? अर्धं सभागृह उभं राहिलं. उभे राहिले ते अतिदक्षता विभागातले आणि बसून राहिले ते हिशेब विभागातले. पाहुण्यांना एवढी ओळख पुरे. मोठ्या सिस्टर, तुम्हीही बसा. तुमच्या मांडीवरचा गुच्छ खाली पडलाय. सत्कारमूर्तींनी व्यासपीठावरून धावत सुटायचं नसतं, निदान भाषण संपेपर्यंत तरी.

दुसरा माइक मिळाला. आभारी आहे. आता रीतसर सुरुवात करते.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे संचालक, माननीय डॉक्टरसाहेब. प्रमुख पाहुण्या, परिचर्या महाविद्यालयाच्या प्राचार्यबाई. ज्यांच्यासाठी ही सभा भरली आहे आणि ज्यांना ती अजिबात नको होती, त्या आमच्या मोठ्या सिस्टर. पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान, आम्हा सर्वांचे काका. जमलेले डॉक्टर, सहकारी, आणि दारापाशी उभ्या असलेल्या, ड्युटीवरून पाच मिनिटांची परवानगी काढून आलेल्या मुलींनो. पाच मिनिटं झाली आहेत. तुम्ही जाणार नाही हे मला माहीत आहे, पण मी उद्यापासून विभागाची प्रमुख सिस्टर आहे, तेव्हा आधी बोलून ठेवलं.

मी बावन्न वर्षांची आहे. उंचीनं मोठ्या सिस्टरांपेक्षा वीतभर जास्त आहे. तरी विभागात मला छोट्या सिस्टर म्हणतात. त्या होत्या तोवर दुसरं कुणी मोठं होणं शक्यच नव्हतं. उद्या त्या जातील. मला वाटतं मी छोटीच राहीन.

निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्तींचे गुण सांगायचे असतात. ते आधीच्या तीन वक्त्यांनी सांगून टाकले. त्याग, सेवा, शिस्त, सगळं झालं. माझ्या वाट्याला दोषच उरले. त्यांची यादी मोठी आहे, पण मी एकावरच बोलणार आहे. तो दोष म्हणजे 'तिकडे'.

पाहुण्यांसाठी सांगते. मोठ्या सिस्टरांनी नोकरीची सुरुवात इथे केली, मग दोन परक्या देशांत काम केलं, आणि मग परत आल्या. एक देश थंडीचा, एक उन्हाचा. परत आल्या त्या दिवसापासून त्यांचं कुठलंही वाक्य 'तिकडे' या शब्दाशिवाय सुरू झालेलं नाही. तिकडे असं नसतं. तिकडे हे चालत नाही. सुरुवातीला आमचा फार गोंधळ व्हायचा, कारण सकाळचं तिकडे वेगळं आणि दुपारचं तिकडे वेगळं. शेवटी आमच्यातल्या एकीनं धीर करून विचारलं, "सिस्टर, थंडीतलं तिकडे की उन्हातलं तिकडे?" तेव्हापासून विभागात हे दोन शब्दप्रयोग अधिकृत आहेत. नवीन आलेल्या मुलीला आधी ऑक्सिजनचा कॉक दाखवतात, मग दोन तिकडे समजावून सांगतात.

थंडीतल्या तिकडे एका रुग्णाला एक सिस्टर. अध्यक्ष महोदय, हे मी सावकाश म्हणते. एका रुग्णाला एक. ती सिस्टर पाळीभर त्याच्याजवळून हलत नाही. त्याचं झोपेचं औषध किती कमी करायचं, व्हेंटिलेटरचा आधार कधी काढत न्यायचा, रक्तदाबाचं औषध किती चढवायचं, हे बरंचसं तीच ठरवते. डॉक्टरांना ती नंतर सांगते. डॉक्टर म्हणतात, छान. एखाद्या डॉक्टरांनी न विचारता मशीनचं बटण फिरवलं तर ती त्यांच्याकडे अशी बघते, म्हणे, की ते बटण परत होतं तिथे आणून ठेवतात. ही बघण्याची पद्धत मोठ्या सिस्टर येताना घेऊन आल्या. त्याबद्दल विमानतळावर त्यांना कुणी अडवलं कसं नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

उन्हातल्या तिकडे सगळं उलट. इमारत चकचकीत, मशीन नवंकोरं, आणि लेखी हुकुमाशिवाय पान हलायचं नाही. विभागात आठ देशांतल्या सिस्टर. कुणाच्या देशात डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा, कुणाच्या देशात न विचारणं म्हणजे हलगर्जीपणा. एकच रुग्ण, एकच आकडे. एक सिस्टर डॉक्टरांना लगेच फोन करायची, दुसरी थोडं थांबून पाहायची, तिसरी जे करायचं ते करून टाकायची आणि मग हुकूम लिहून घ्यायची. मोठ्या सिस्टर म्हणतात, "तिथे मला कळलं की आकडे सगळीकडे सारखे असतात. घाबरणं मात्र ज्याच्या त्याच्या देशाचं असतं."

आणि इकडे? इकडची पद्धत कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणून प्राचार्यबाईंसाठी थोडक्यात सांगते. इकडे डॉक्टर खाटेपाशी येतात, आकडे बघतात, रुग्णाकडे बघतात, घड्याळाकडे बघतात आणि म्हणतात, "बघा सिस्टर." झालं. हा हुकूम आहे का? आहे. परवानगी आहे का? तीही आहे. रुग्ण सुधारला तर डॉक्टरांनी सांगितलं होतं. बिघडला तर सिस्टरना बघायला सांगितलं होतं. दोन शब्दांत इतकं काम करून घेणारी भाषा थंडीतल्या तिकडेही नाही.

त्यावर आमचाही एक उपाय आहे. तो आज फोडते, माझी नोकरी अजून शिल्लक असली तरी. आम्ही म्हणतो, "सर, झोपेचं औषध कमी करायचं असं तुम्ही काल म्हणालात ना?" सर काल काहीच म्हणालेले नसतात. ते क्षणभर विचार करतात. मग म्हणतात, "हो, म्हणालो होतो." या पद्धतीनं या रुग्णालयात किती माणसं बरी झाली असतील याचा अंदाज डॉक्टरमंडळींनी घरी जाऊन घ्यावा. हसू नका. तुमच्यातल्या काहींची ख्याती यावर उभी आहे.

मोठ्या सिस्टर परत आल्या तेव्हा त्यांना हे जमेना. त्या सरळ सांगायच्या, "मी औषध कमी केलंय." डॉक्टर दचकायचे. म्हणायचे, "कुणाला विचारून?" त्या म्हणायच्या, "रुग्णाला बघून." काकांना विचारा, तो काळ घरात कसा गेला. काका मला एकदा म्हणाले होते, "अहो, दुपारी माझा जरा डोळा लागला की ही येऊन छाती हलतेय का बघते. मी म्हटलं, कुणाला विचारून बघतेस?"

काका, लाजू नका. सगळ्यांना माहीत आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. पट्ट्या.

ज्यांचा आमच्या विभागाशी कधी संबंध आला नाही, त्यांचा कधीही न येवो. पण तोंडातून श्वासनळीत नळी घातलेली असते तेव्हा माणसाला बोलता येत नाही. अर्धवट शुद्धीत त्याचा हात आपोआप नळीकडे जातो. नळी उपसली तर जिवावर बेततं. म्हणून आम्ही मनगटाभोवती मऊ पट्टी गुंडाळून हात खाटेच्या दांडीला बांधतो. उन्हातल्या तिकडे त्याला रोज नवा लेखी हुकूम लागायचा आणि तो रोज न चुकता मिळायचा. थंडीतल्या तिकडे मोठ्या सिस्टरांनी पहिल्या दिवशी विचारलं, "पट्ट्या कुठे ठेवता?" तर तिथल्या सिस्टरनी उलट विचारलं, "कसल्या पट्ट्या?" तिथे हात बांधत नाहीत. सिस्टर जवळ बसते. हात नळीकडे गेला की तो आपल्या हातात घेते. एका रुग्णाला एक सिस्टर असली की हे जमतं.

परत आल्यावर त्यांनी आमच्याकडे एक रिवाज सुरू केला. विभागात जी कुणी नवीन येईल तिला रिकाम्या खाटेवर झोपवायचं, दोन्ही हात पट्टीनं बांधायचे, तोंड उघडायचं नाही असं सांगायचं, आणि कापसाचा एक धागा नाकावर ठेवून सगळ्यांनी आपापल्या कामाला लागायचं. बस. चहा होईपर्यंत. या सभागृहातल्या किती जणींनी ते नाक भोगलंय? हात वर करा. पाहा, बांधलेले नाहीत म्हणून किती पटकन वर गेले.

एकदा एक तरुण डॉक्टर विभागात नवीन आले. हुशार. केस दाट. ते म्हणाले, "हे सिस्टरांसाठी आहे. मला यात नवीन काय कळायचंय?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बघा डॉक्टर." ते बिचारे झोपले. हात बांधले, कापूस ठेवला. आणि तेवढ्यात दोन नंबरच्या खाटेचा रक्तदाब धाडकन खाली आला. आम्ही सगळ्याजणी तिकडे धावलो. डॉक्टर खाटेवरून ओरडायला लागले, "सलाइन वाढवा! सलाइन वाढवा!" वाढवलेलं होतं. "रक्तदाबाचं औषध चालू करा!" तेही केलेलं होतं. मग ते म्हणाले, "मला विचारल्याशिवाय काही करू नका!" मोठ्या सिस्टर दोन नंबरपासून न हलता म्हणाल्या, "विचारतेय डॉक्टर. केलंय."

रुग्ण सावरला. सावरल्यावर त्याची चादर बदलली, पंप नीट लावला, नातेवाइकांना समजावलं. काचेतून बघणाऱ्या एका नातेवाईक बाईंनी मला विचारलं, "तो पलीकडचा रुग्ण केवढा ओरडतोय हो, त्याला झोपेचं औषध का देत नाही?" तेव्हा आमच्या लक्षात आलं. पण तोवर विभागप्रमुख राउंडला आत आले होते आणि थेट त्याच खाटेपाशी उभे होते. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "यांना काय झालंय?"

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "सर, यांना नाक खाजवायचंय."

ते तरुण डॉक्टर पुढे फार मोठे झाले. त्यांचं नाव मी घेणार नाही. ते व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसले आहेत आणि आत्ता पाणी पीत आहेत.

अध्यक्ष महोदय, आपण हसलात, मला धीर आला. आता एक गोष्ट मी मनापासून सांगते. त्या दिवसानंतर आपण राउंडला आलात की कागद बघण्याआधी रुग्णाचे हात बघायचात. पट्टी घट्ट असली तर स्वतः सैल करायचात. रुग्णाला विचारायचात, "कुठे खाजतंय?" आणि तो डोळ्यांनी दाखवेल तिथे खाजवायचात. बाकीचे डॉक्टर हे पाहून मागच्या मागे हसायचे. आम्ही हसलो नाही. आम्ही सगळ्याजणी त्या खाटेवर झोपलेल्या होतो.

म्हणून आपल्या सहीचा आदेश फलकावर लागला तेव्हा आम्ही तो दोनदा वाचला. नळी घातलेल्या प्रत्येक रुग्णाचे दोन्ही हात बांधलेले असतील. डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय ते सोडले जाणार नाहीत. उद्या सकाळपासून लागू. उद्यापासून का? कारण आज मोठ्या सिस्टरांचा शेवटचा दिवस आहे. त्यांना स्वतःच्या हातांनी हे करावं लागू नये, एवढी सभ्यता आपण दाखवलीत. त्याबद्दल आभार. ते काम माझ्याकडे आलं.

निरोपाच्या सभेत हा विषय कशाला, असं कुणाला वाटत असेल. म्हणाल, बाई, आज चांगलं बोलायचा दिवस आहे. मी चांगलंच बोलतेय. ज्यांना निरोप देतोय त्यांचं काम उद्या सकाळी थांबणार असेल, तर गुच्छ देऊन काय उपयोग?

आदेश उगाच निघालेला नाही, हेही इथे म्हटलं पाहिजे. शिवणाचे वर्ग चालवणाऱ्या एक बाई आमच्याकडे होत्या. झोपेचं औषध उतरत होतं. त्या जाग्या होत होत्या आणि हात ओढून ओढून मनगटं लाल झाली होती. मोठ्या सिस्टरांनी त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं, त्यांच्याशी बोलल्या, त्या शांत झाल्यासारख्या वाटल्या, आणि मग पट्ट्या सोडल्या. हात हातात घेऊन बसल्या. शेजारच्या खाटेचा अलार्म वाजला. तो रुग्णही त्यांच्याचकडे होता. त्या वळल्या. तेवढ्यात बाईंनी नळी उपसली. घसा सुजला. परत नळी जाईना. संचालकसाहेब जिना धावत चढून आले आणि तिसऱ्या प्रयत्नात त्यांनी नळी घातली.

बाई वाचल्या. घरी गेल्या. आवाज अजून घोगरा आहे, वर्ग चालू आहेत असं कळतं.

त्यांचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. तो आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. त्यानं संचालकांच्या खोलीत बसून एवढंच विचारलं, "लिफ्टमध्ये माणूस अडकला तर जबाबदार कोण हे आमच्याकडे आत पाटीवर लिहिलेलं असतं. इथे आईचे हात सोडायचं कोणी ठरवलं?" ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, "मी सिस्टरना बघा म्हटलं होतं." खरंच म्हटलं होतं. मग सगळे छताकडे बघायला लागले. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मी ठरवलं."

तो म्हणाला, "तुम्हाला तो अधिकार कोणी दिला?"

त्या म्हणाल्या, "कोणी नाही."

त्यानं मान हलवली. त्याला उत्तर मिळालं होतं, आणि ते चांगलं उत्तर नव्हतं. अध्यक्ष महोदय, मी आपल्या जागी असते तर मीही आदेश काढला असता. बहुधा आपल्यापेक्षा कडक.

नंतर भांडी घासायच्या बेसिनपाशी मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, "चूक काय झाली कळलं का तुला?" मी म्हटलं, "तुम्ही हात सोडायला नको होते." त्या म्हणाल्या, "सोडायला हवे होते. पण मी निर्णय थंडीतल्या तिकडचा घेतला आणि माणसं इकडची होती. तिथे माझ्याकडे एक रुग्ण असायचा. इथे दोन होते. हे मी विसरले." आणि मग मला म्हणाल्या, "कप नीट विसळ, साबण राहिलाय."

परक्या देशात राहून आलेल्या माणसानंच करावी अशी ही चूक आहे. ती झाकायला मी उभी नाही. त्यांनी स्वतः झाकली नाही, मी कोण झाकणार?

पण आमच्याकडे सध्या चार नंबरच्या खाटेवर एक गृहस्थ आहेत. घड्याळं दुरुस्त करतात. बरेच दिवस नळीवर आहेत, पूर्ण शुद्धीत आहेत, फुप्फुस अजून साथ देत नाही. त्यांचा उजवा हात मोकळा असतो. त्या हातानं ते बोलतात. एक बोट म्हणजे कूस बदला. दोन बोटं म्हणजे घशात कफ आलाय. तळवा उताणा केला की मुलीला बोलवा. मूठ आवळली की मोठ्या सिस्टरना बोलवा, छोट्या नकोत. ही खूण मी स्वतः बरेच दिवस चुकीची समजत होते. मला वाटायचं, दुखतंय. मी वेदनेचं औषध विचारायला जायचे. शेवटी मोठ्या सिस्टरनी सांगितलं, "त्यांना काही दुखत नाही. त्यांना तू नको आहेस."

माझ्या छातीवरचं पिनेचं घड्याळ मागे पडतं. मी वाकले की ते बोटानं त्यावर टकटक करतात आणि तोंड वेंगाडतात. नळी असताना तोंड वेंगाडणं सोपं नाही. पण धंद्याचा प्रश्न आहे.

काल मोठ्या सिस्टरनी त्यांना आदेशाबद्दल सांगितलं. रुग्णाला आधी सांगायचं, ही त्यांची सवय. थंडीतली की उन्हातली, मी विचारलं नाही. चार नंबरनी ऐकून घेतलं. मग उजवा हात उचलला आणि स्वतःच खाटेच्या दांडीवर नेऊन ठेवला, पट्टी बांधतात तिथे. आणि आमच्याकडे बघितलं. जागा बरोबर आहे ना, असं विचारल्यासारखं.



उद्या सकाळी तो हात मला बांधायचा आहे. मी बांधेन. आदेश आहे, आणि आदेश मोडून सत्कार करायची आमच्याकडे पद्धत नाही. पण अध्यक्ष महोदय, आज पहिल्यांदा मी आपल्याला ते जुनं वाक्य न वापरता विचारते. "सर, तुम्ही काल म्हणालात ना" असं म्हणत नाही. आपण काल काही म्हणाला नाहीत. मी म्हणतेय. खाटेशी सिस्टर किंवा घरचं माणूस बसलेलं असेल आणि सिस्टरला योग्य वाटेल, तर हात सोडायचा निर्णय सिस्टरचा असू द्या. लेखी असू द्या. तिच्या नावानं असू द्या. म्हणजे कुणाच्या मुलानं विचारलं, कोणी ठरवलं, तर ती म्हणू शकेल, मी. आणि अधिकार कोणी दिला असं विचारलं, तर तेही सांगू शकेल. काही बिघडलं तर मी छताकडे बघणार नाही. आमच्या विभागाच्या छताला गळती आहे, तिकडे बघण्यासारखं काही नाही. बांधकाम विभागाचे साहेब आलेले दिसतात, त्यांनीही हे ऐकावं.

हे जमणार नसेल तर नाही म्हणा. पण "बघा सिस्टर" म्हणू नका. तेवढं नको.

मोठ्या सिस्टर, आता तुमच्याशी. तुम्ही मघापासून मला डोळ्यांनी बस म्हणताय. मी ते बघणं थंडीतल्या तिकडचं म्हणून ओळखते आणि आज पहिल्यांदाच त्याकडे दुर्लक्ष करते. तुम्ही आम्हाला खूप शिकवलंत, हे सगळे म्हणाले. मी म्हणेन, तुम्ही आम्हाला फार बोललात. कपात साबण राहिला म्हणून बोललात, खुर्ची सरकवताना आवाज झाला म्हणून बोललात. आम्ही तुमच्या मागे तुमच्या नकला केल्या. सगळ्यात चांगली मी करते. काकांनी पाहिली आहे. ते म्हणाले, आवाज जमलाय, पण ती घरी याहून जोरात बोलते.

आमचा तुमच्यावर राग होता का? होता, पाळी संपेपर्यंत. पण आमच्या घरचं माणूस आयसीयूत न्यायची वेळ आली तेव्हा आम्ही प्रत्येकीनं आधी विचारलं, आज मोठ्या सिस्टर आहेत का? उद्यापासून लोक विचारतील, आज कोण आहे? माझं नाव सांगितलं जाईल. चार नंबर मूठ आवळतील. मी सोसेन.

एक विनंती. उद्या सकाळी येऊ नका. 'जरा बघून जाते' म्हणून येऊ नका, चावी द्यायची राहिली म्हणून येऊ नका. चावी मी मघाशीच तुमच्या पिशवीतून काढून घेतली आहे. काका, त्यांना घरात ठेवा. श्वास मोजू देत तुमचे.

माझं बोलणं लांबलं. चहा निवत असेल आणि दारापाशी उभ्या असलेल्या मुलींची पाच मिनिटं कधीच संपली. अध्यक्षांनी चेष्टा सहन केली, प्राचार्यबाईंनी आमची पद्धत ऐकून घेतली, आयोजकांनी मला दुसरा माइक दिला, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल, कुणाच्या पदाचा मान राखायचा राहिला असेल, किंवा आनंदाच्या दिवशी जे बोलू नये ते बोलले असेन, तर मोठ्या मनानं पोटात घाला. मी अजून छोटीच आहे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आदेश लागू झाला. त्यात संचालकांनी एक वाक्य वाढवलं होतं: सकाळच्या पाळीत, खाटेशी माणूस बसलेलं असताना, हात सोडायचा निर्णय सिस्टरचा राहील आणि ती तो सहीनिशी नोंदवील. दुपारच्या आणि रात्रीच्या पाळीचा उल्लेख नव्हता. राउंडनंतर चार नंबरचा उजवा हात सोडला. त्यांची मुलगी शेजारी बसली. सही मी केली. दुपारी पाळी बदलताना हात परत बांधला.